चौदा बादल्यांचे झाड

श्री. दामोदर नेरुरकर झाडांच्या पानांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधीत असत. हे वाक्य मी मुद्दाम पहिले लिहिले आहे. वाचकाला निदान पूर्वसूचना मिळाली. मला ती मिळाली नव्हती.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत ते राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी पहिल्या मजल्यावर राहतो. दाराबाहेर जिन्याच्या कठड्याशी माझे रबराचे झाड आहे. एके सकाळी दार उघडले, तर त्या झाडाची तीन पाने एका पिशवीत कोंबलेली आणि पिशवीचे तोंड सुतळीने आवळलेले. आतून धुके धरले होते. मी गाठ सोडण्यासाठी हात पुढे केला.

"सेक्रेटरी, हात लावू नका हं!" खालून आवाज आला. "साडेअकरापर्यंत प्रयोग चालू आहे."

जिन्याच्या तळाशी एक काटकुळा गृहस्थ उभा होता. खाकी अर्धी चड्डी, सदरा, दोऱ्याने कानामागे बांधलेला चष्मा. इतर लोक खिशाला पेन लावतात. यांच्या खिशात थर्मामीटर होता.

"माझ्या झाडावर?" मी विचारले.

"झाड तुमचं. पण सोडतंय ते पाणी हवेचं."

"तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे खरे होते. त्यामुळे मला अधिकच राग आला.

साडेअकराला ते पिशवी सोडवून घेऊन माझ्या दाराशी आले. पिशवीच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी साचले होते. ते त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाले, "हे तुमच्या झाडानं चार तासांत सोडलं. रोज सोडतं. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जाता. दिसत नाही, पण चालू असतं." मग माझ्या मुद्रेकडे पाहून म्हणाले, "चाखून बघा. शुद्ध असतं." मी दार लावून घेतले.

नेरुरकर एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. एकतीस वर्षे. सहायक म्हणजे शिकवणारा नव्हे. सहायकाने टेबलावर काचेच्या हंड्या, नळ्या, कुंड्या मांडून ठेवायच्या, मग प्राध्यापकांनी येऊन शिकवायचे आणि जायचे, आणि त्यानंतर सहायकाने सगळे धुऊन जागच्या जागी ठेवायचे. प्राध्यापक बदलत गेले. नेरुरकर मोरीजवळच्या कोपऱ्यात उभे राहून तेच व्याख्यान ऐकत राहिले. झाडे मुळांनी पाणी शोषतात आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून ते वाफेच्या रूपाने हवेत सोडतात, हा तो विषय. निवृत्त होईपर्यंत त्यांना तो स्वल्पविरामांसह पाठ झाला होता. पण बोलून दाखवण्याची संधी एकदाही मिळाली नव्हती. ती त्यांनी आमच्याकडे येऊन घेतली.

समोर एकटा पोस्टमन असला तरी ते "विद्यार्थी मित्रहो" अशी सुरुवात करीत. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी पाऊण तास अडवून पानाच्या पाठीवर किती छिद्रे असतात ते समजावले. तो मला म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी ते बाबा घरात आहेत का ते आधी सांगत जा. मी तेव्हा येणार नाही."

त्यांचे साधे बोलणेही प्रयोगवहीतल्या मथळ्यांनी चाले. जिन्यात गाठ पडली की म्हणत, "उद्देश काय, सेक्रेटरी? बाजार? साहित्य: पिशवी. कृती: सावकाश." एकदा आमच्याकडे चहा प्यायले आणि कप खाली ठेवून माझ्या पत्नीला म्हणाले, "निरीक्षण: आलं आहे. अनुमान: उत्तम." ही गोष्ट तिला इतकी आवडली, की पुढे सहा महिने घरात मला प्रत्येक आमटीचे अनुमान द्यावे लागले.

मी हे सारे सहन केले असते. पण तक्रारी माझ्याकडे येत. सेक्रेटरी हे पद मी मागितले नव्हते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो, अक्षर बरे आहे, एवढ्या कारणावरून ते माझ्या गळ्यात घातले गेले.

दुसऱ्या मजल्यावरच्या सौ. प्रधान एका सकाळी तरातरा माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात गुलाबी कागदाची एक पट्टी होती.

"हे बघा. माझ्या तुळशीला लावलं होतं. चिमटा मारून!"

"मग?"

"मग काय मग? मी पूजेला गेले तेव्हा निळं होतं. प्रदक्षिणा घालून बघते तर गुलाबी! माझे हातपाय गार पडले. करणी आहे ही, सेक्रेटरी. सरळ सरळ करणी आहे."

मी नेरुरकरांना बोलावून घेतले. ते आनंदाने आले.

"गुलाबी झाला? किती वेळात?" त्यांनी विचारले.

"प्रदक्षिणा संपेपर्यंत," सौ. प्रधान म्हणाल्या.

"किती प्रदक्षिणा?"

"अकरा."

"हळू घालता की भरभर?"

"अहो, तुम्ही माणूस आहात की कोण आहात?"

मग त्यांनी खुलासा केला. कागद कोबाल्टच्या क्षारात भिजवून वाळवलेला असतो. कोरडा असताना तो निळा दिसतो, दमटपणा लागला की गुलाबी होतो. पान पाणी सोडते याचा तो पुरावा. सौ. प्रधानांनी तो सगळा ऐकला आणि त्या म्हणाल्या, "मला पुरावा नको. माझी तुळस मला सोवळ्यात हवी." त्या दिवसापासून त्या तुळस घरात घेऊन बसू लागल्या, आणि तुळशीला ऊन मिळत नाही असा तक्रारअर्ज नेरुरकरांनी माझ्याकडे दिला.

माझ्या रबराच्या झाडालाही त्यांनी सोडले नाही. एकदा दोन पानांना मागून व्हॅसलीन फासलेले आढळले. मी खाली जाऊन त्यांना स्पष्ट शब्दांत विचारले, "यात उद्देश काय?"

"तोंडं बुजवली," ते म्हणाले. "पानाची तोंडं मागच्या बाजूला असतात. ती बुजली म्हणजे पाणी आत कोंडतं. झाडावरून तोडलेलं पान असेल तर ते उलट जास्त टिकतं, सुकत नाही. मुलांना वाटतं, छान झालं. पण तेच पान फांदीवर असलं, त्याच्यावर ऊन पडलं, की तापतं. घाम नाही ना. हात लावून बघा तुम्ही दुपारी."

"मी हात लावणार नाही. तुम्ही पुसून टाका."

त्यांनी पुसले. ओल्या फडक्याने, एकेक पान तळहातावर घेऊन, इतके हळुवार, की मला ते पाहणेही जड झाले. मला कामे होती.

हे सारे ते घराबाहेर करीत. त्यांच्या घरात मात्र कोणी गेलेले नव्हते. तळमजल्यावरची पश्चिमेकडची खोली त्यांची. खिडकीसमोर आमच्या आवारातले एकुलते एक मोठे झाड, बदामाचे. घरात पत्नी होती हे दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांवरून कळे. ती कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. हळदीकुंकवाचे बोलावणे गेले की नेरुरकर दारातच म्हणत, "तिला जमायचं नाही," आणि बाहेर येऊन दार ओढून घेत. बायकांनी यावर आपापली अनुमाने काढली होती. ती मी इथे लिहीत नाही.

नेरुरकरांना येऊन दोन वर्षे होत आली होती. त्या उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली. पालिकेचे पाणी सकाळी पाऊण तास येई, तेही कमी दाबाने. समितीने ठराव केला: पिण्याचे सोडून घरटी चार बादल्या. मी स्वतः टाकीजवळ खुर्ची टाकून बसू लागलो. माणसे बादलीवरून किती खालच्या थराला जातात ते मला त्या खुर्चीवरून दिसले. पाचवी बादली साडीच्या पदराखाली लपवून नेणारी व्यक्ती मी पकडली आहे. नाव लिहीत नाही. ती आता आजी आहे.

अशा दिवसांत नेरुरकर एका सकाळी एक कागद घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"सूचनाफलकावर लावायचं आहे. तुमची सही हवी."

तो प्रयोगच होता. उद्देश, साहित्य, कृती, सगळे व्यवस्थित. बदामाच्या झाडाच्या चाळीस डहाळ्यांना चाळीस पिशव्या. प्रत्येक पिशवीतली पाने मोजलेली, पाणी मापलेले. मग फांदीफांदीने झाडाच्या एकूण पानांचा अंदाज. नऊ दिवसांचे आकडे. आणि खाली: "अनुमान: आपल्या आवारातील बदामाचे झाड दररोज पानांवाटे सुमारे चौदा बादल्या पाणी हवेत सोडते. सर्व सभासदांनी याचा अभिमान बाळगावा."

कागद परत करायला काही निमित्त मिळावे म्हणून मी सगळी आकडेमोड दोनदा करून पाहिली. त्यांची वहीही मागवून घेतली. एकही चूक सापडली नाही. नाइलाजाने सही केली. त्यातला धोका त्यांना दिसला नाही हे समजण्यासारखे आहे. त्यांना आकड्यापलीकडे काही दिसत नसे. पण मलाही तो दिसला नाही, याची मला आजतागायत लाज वाटते.

दहा वाजेपर्यंत फलकापुढे गर्दी जमली. "अभिमान" या शब्दापर्यंत कोणी पोचलेच नाही. सगळे "चौदा बादल्या" या शब्दांवर थांबले.

तिसऱ्या मजल्यावरचे शेट्ये पूर्वी गिरणीत होते. संपानंतर साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागले. गळा खणखणीत. ते फलकावर बोट ठेवून ओरडले, "सेक्रेटरीनू, ह्यां वाचलास? आमका चार बालदी, आनि ह्या झाडाक चवदा! ह्यां झाड न्हय, टँकर आसा टँकर!"

"टाकी बरोबर त्याच्याच बाजूला आहे," दुसरे कोणी म्हणाले. "मुळं आत गेली असणार. आपण पंप लावतो आणि हा खालून ओढतो."

"वाट लागली ना आमची! तरीच वरपर्यंत पाणी चढत नाही."

नेरुरकर धावत आले. "विद्यार्थी मित्रहो, ते पाणी टाकीतलं नाही. जमिनीतलं आहे. खोलवरचं."

"जमीन कुणाची? सोसायटीची ना?" शेट्ये म्हणाले. "मग पाणी पन आमचांच."

"पण त्यामुळे हवा थंड होते!"

"हवा बालदीत भरून आंघोळ करू? काय बोलतास काय!"

नेरुरकर प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. आपण मांडलेल्या प्रयोगातून वर्गाने भलताच निष्कर्ष काढावा, हा अनुभव त्यांना नवीन होता. एकतीस वर्षांत निष्कर्ष काढण्याचे काम दुसऱ्यांनी केले होते.

चार दिवसांत सोळा सभासदांच्या सह्यांचा अर्ज माझ्याकडे आला. बदामाचे झाड तोडण्यासाठी पालिकेकडे परवानगी मागावी, यासाठी विशेष सभा बोलवा. नियमाप्रमाणे मला ती बोलावणे भाग होते. रविवार, सायंकाळी पाच, गच्ची. सभेची सूचना प्रत्येक घरी नेऊन पोच घेण्याचे काम मीच करतो. बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास मी नेरुरकरांच्या दाराशी गेलो. बाहेर ऊन नुसते भाजत होते. दार लोटलेले होते. मी कडी वाजवली.

"या ना, उघडंच आहे. किती वेळ लावलात," आतून बाईचा आवाज आला.

मी दार ढकलले आणि आत पाऊल टाकले. हे मी करायला नको होते.

खिडकीशी खाटेवर त्या बसल्या होत्या. खांद्यांवर, दोन्ही हातांवर आणि मानेवर ओले पंचे टाकलेले. एक पंचा घसरला होता. त्याखालची कातडी मी पाहिली. ती भाजून बरी झालेली होती: गुळगुळीत, ताणलेली, गाठींची. मानेपासून मनगटापर्यंत तशीच. त्यांनी मला पाहिले आणि पंचा ओढून चेहरा झाकून घेतला. मी सूचनेचा कागद हातात धरून मागे फिरलो, तर नेरुरकर बादली घेऊन दारात उभे.

त्यांनी बादली आत ठेवली, दार ओढून घेतले आणि मला बदामाखाली घेऊन आले.

"स्टोव्ह भडकला होता," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. कातडी आली, पण तिला घाम येत नाही. डॉक्टरांनी समजावायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, मला माहीत आहे. नोकरीभर पानांना व्हॅसलीन फासलंय. तोंडं बुजल्यावर काय होतं ते मी मुलांच्या आधी बघायचो."

मी सूचनेच्या कागदाची घडी केली.

"ऊन चढलं की अंगात ताप भरतो तिच्या. शंभर, एकशे एक. बोलता बोलता गुंगी येते. मग ओले पंचे. दर वीस मिनिटांनी बदलायचे. घाम वरून द्यायचा, एवढंच." त्यांनी वर पाहिले. "आधी भांडुपला पत्र्याखाली होतो आम्ही. एका मे महिन्यात दोनदा गेल्यासारखी झाली. मग हे झाड बघून इथली जागा घेतली. इमारत नंतर बघितली. दुपारचं ऊन खिडकीवर येतच नाही. वर ही एवढी पानं घाम गाळत असतात. समोरच्या बाजूच्या खोल्यांपेक्षा आमची खोली साडेतीन डिग्रीनं थंड असते. रोज मोजतो."

चार बादल्यांपैकी यांच्या अंगावर किती पडत असतील, हा विचार माझ्या मनात आला. मी टाकीजवळ खुर्चीवर बसून यांच्याही बादल्या मोजल्या होत्या.

"हे रविवारी सभेत सांगा," मी म्हणालो. "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो. ही माणसं बादलीसाठी भांडतात, पण एवढं ऐकल्यावर कुऱ्हाड कोणी लावणार नाही."

"नाही."

"का?"

"तिनं बारा वर्षांत आरसा बघितलेला नाही. आज तुम्ही बघितलंत, आता दोन दिवस जेवणार नाही. सगळ्यांना कळलं की बायका डबे घेऊन येतील. खिडकीतून डोकावतील. चांगल्या मनानंच येतील. पण ती खिडकी लावून घेईल, सेक्रेटरी. कायमची. मग झाड राहिलं काय आणि नाही काय. तिला हा झाडाचा विषयसुद्धा मी कळू दिलेला नाही. तुम्ही शब्द द्या."

मी शब्द दिला. आयुष्यात मी फार थोडे शब्द दिले आहेत, कारण ते पाळावे लागतात.

"मग तुम्ही करणार काय?" मी विचारले.

"आकडे माझेच आहेत," ते म्हणाले. "तेच आड आले." आणि पंचा बदलायची वेळ झाली म्हणून घाईने आत गेले. सूचनेची पोच घ्यायची राहिली. माझ्या कारकिर्दीतली ती एकच.

रविवारी गच्ची भरली होती. इतकी हजेरी वार्षिक सभेलाही नसते. शेट्ये पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी ठराव मांडला, अनुमोदन आले. मी नियमाप्रमाणे विचारले, "कोणाला विरोधात बोलायचे आहे काय?"

नेरुरकर उठले. त्या दिवशी त्यांनी फुलपँट घातली होती. हातात ती वही होती.

"विद्यार्थी मित्रहो," ते म्हणाले, आणि मागून कोणीतरी "हजर, सर!" म्हणून ओरडले. ते थांबले. मग वही न उघडताच बोलू लागले.

"माझ्या हातून एक चूक झाली आहे. दशांशचिन्ह एक घर सरकलं. पाणी मापताना सरकलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. झाड चौदा बादल्या सोडत नाही. एक बादली आणि वर थोडंसं. फार तर दीड."

गच्चीवर मग हशा फुटला.

"दीड?" शेट्ये उभे राहिले. "चवद्याचां दीड? एकतीस वर्सां कॉलेजात काय केलास, नेरुरकरानू? टिंबां पुसलास?"

"नुसत्या बाटल्या धुतल्या," दुसरा म्हणाला.

"आणि माझी तुळस घरात कोंडायला लावली ती वेगळीच!" सौ. प्रधान म्हणाल्या, आणि त्याही हसू लागल्या. माणसे एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. उन्हाळाभर बादल्यांवरून भांडलेली माणसे त्या दिवशी प्रथमच एकत्र हसत होती. नेरुरकर वही छातीशी धरून उभे होते. ओठांवर हसण्यासारखे काहीतरी आणून ते आपल्या जागी उभे राहिले, आणि हशा ओसरेपर्यंत बसले नाहीत.

मी ती आकडेमोड दोनदा केली होती. दशांशचिन्ह कुठेही सरकलेले नव्हते, हे त्या गच्चीवर दोन माणसांना माहीत होते.

"आपण चूक मान्य करता?" मी विचारले. विचारणे माझे कर्तव्य होते.

"करतो. वृत्तांतात लिहा. अनुमान: चूक पूर्णपणे माझी."

मी लिहिले. माझ्या हाताने लिहिलेल्या वृत्तांतांत तेवढे एक वाक्य खोटे आहे, आणि ते कोणी तपासायला मागितले तरी मी दुरुस्त करणार नाही.

दीड बादलीसाठी पालिकेचे हेलपाटे कोण घालणार, असे शेट्येच म्हणाले. "जाव दे. ऱ्हाव दे बिचाऱ्या झाडाक. आमच्या मास्तराची आठवन म्हनून." ठराव मागे घेतला गेला.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत नेरुरकरांना "दशांश" हे नाव पडले. पोरे जिन्यावरून ओरडत, "दशांशकाका, किती वाजले? अडीच की पंचवीस?" झाडावरच्या पिशव्या नेरुरकरांनी स्वतः शिडी लावून काढल्या. पोस्टमन आला तेव्हा ते त्याच्याशी बोलायला पुढे झाले. तो हसला, आणि ते घरात निघून गेले. मला हायसे वाटायला हवे होते. दोन वर्षे मी याच शांततेसाठी तळमळत होतो.

दोन दिवसांनी दुपारी मी खाली गेलो. कामाचे निमित्त काही नव्हते. नेरुरकर खिडकीबाहेर बदामाच्या सावलीत पाटावर बसले होते. पुढ्यात बादली होती आणि ते पंचा भिजवीत होते. खिडकीला आतून पडदा होता. खिडकी उघडी होती.

"आकडा बरोबर होता," मी हळू आवाजात म्हणालो.

"बरोबर नव्हता," तेही हळू म्हणाले. "पिशवीत पान कोंडलं की आतली हवा दमट होते. मग पान हात आखडतं, कमी सोडतं. म्हणजे पिशवीत सापडतं ते कमीच. खरा आकडा सोळा-सतरा असणार. मी ते मुद्दाम धरलं नव्हतं. उगाच मोठेपणा नको म्हणून." असे म्हणून त्यांनी वर पानांकडे पाहिले, आणि सभेपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली.

"कोण आलंय हो?" पडद्यामागून आवाज आला.

"सेक्रेटरी आहेत."

मी निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात पुन्हा आवाज आला. या वेळी तो पडद्याच्या जवळ होता.

"अहो, मी विचारीन विचारीन म्हणत होते. रविवारी गच्चीवर एवढं काय हसत होते सगळे? इथपर्यंत ऐकू येत होतं. किती दिवसांनी एवढी माणसं हसताना ऐकली मी."

नेरुरकरांचे हात बादलीत थांबले.

"मी एक विनोद सांगितला," ते म्हणाले.

"तुम्ही? विनोद?"

"हो."

"एवढ्या लोकांसमोर? अगंबाई! आणि त्यांना कळला?"

"सगळ्यांना कळला."

पडद्यामागे त्या हसल्या. बारीक, न थांबणारे हसू होते. हसता हसता त्या म्हणाल्या, "मला सांगितला नाहीत तो!" आणि मग, आवाज किंचित खाली आणून, "सेक्रेटरीसुद्धा हसले का हो? ते फार कडक आहेत म्हणता ना तुम्ही?"

नेरुरकर पंचा पिळीत राहिले. पाणी संपले होते, तरी पिळीत राहिले.

"हसलो, वहिनी," मी म्हणालो. "फार हसलो."